अब्राहामाचा सुरा, रेगिनेची अंगठी

११ ऑगस्ट १८४१ चा दिवस. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याच्या घरी साखरपुड्याची अंगठी परत आली. सोबत निरोपाची चिठ्ठी होती. अंगठी पाठवणारा सोरेन किर्केगार्द अठ्ठावीस वर्षांचा, तर जिच्या हाती ती पडली ती रेगिने ओल्सेन अवघी एकोणीस वर्षांची. दोघांत भांडण झाले नव्हते. पैशाची अडचण नव्हती, घरच्यांचा विरोध नव्हता. मुलाचे मुलीवर प्रेम होते आणि ते पुढे मरेपर्यंत टिकले. मग लग्न मोडले कशासाठी?

किर्केगार्दची समजूत अशी, की देवाने आपल्याकडून काही वेगळे मागितले आहे आणि त्यात संसार बसत नाही. पण दिलेला शब्द मोडून एका निरपराध मुलीला दुखावणे हे पाप नव्हे काय? देवाची आज्ञा एकीकडे आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी दुसरीकडे ओढू लागली, तर ख्रिस्ती माणसाने ऐकायचे कोणाचे? या प्रश्नाने किर्केगार्दला जन्मभर सोडले नाही.

या ओढाताणीचे मूळ त्याच्या घरातच होते. वडील मिकाएल हे जटलंडच्या उजाड माळरानावर लहानपणी मेंढ्या राखत. थंडीने आणि भुकेने कासावीस होऊन त्या पोराने एके दिवशी टेकाडावर चढून देवाला शाप दिला. पुढे तो कोपनहेगनला आला, लोकरीच्या व्यापारात गब्बर झाला. पण तो शाप म्हातारपणीही त्याच्या मनातून गेला नाही. ५ मे १८१३ रोजी सोरेन जन्मला तेव्हा वडील छपन्न वर्षांचे होते. सात भावंडांतले हे शेंडेफळ. १८१९ ते १८३४ या काळात पाच भावंडे गेली, आईही गेली. देव आपला हिशेब चुकता करतो आहे, अशी वडिलांची धारणा झाली. आपणही चौतिशी ओलांडणार नाही, असे सोरेनने मनाशी धरून ठेवले होते.

असा हा उदास, पण बोलण्यात कमालीचा तल्लख तरुण सप्टेंबर १८४० मध्ये रेगिनेला मागणी घालता झाला. तिचा होकार आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला वाटले, आपण चुकलो. वर्षभराने अंगठी परत गेली. रेगिनेने ख्रिस्ताची आणि त्याच्या दिवंगत वडिलांची आण घातली. तिच्या वडिलांनी विनवण्या केल्या. तिने आपल्याला विसरावे म्हणून हा गृहस्थ उलट निर्दयपणाचे सोंग घेऊन बसला. ऑक्टोबरात शेवटची ताटातूट झाली आणि तो बर्लिनला निघून गेला.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १८४३ मध्ये, त्याने टोपणनावाने ‘भय आणि कंप’ हे छोटे पुस्तक काढले. विषय बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातला. वृद्ध अब्राहामाला देव सांगतो, की तुझा लाडका मुलगा इसहाक मला बळी दे. अब्राहाम कोणाला काही न बोलता मुलाला घेऊन निघतो, तिसऱ्या दिवशी मोरियाचा डोंगर दिसतो, तिथे तो सुरा उचलतो आणि देवदूत त्याला थांबवतो. झुडपात अडकलेला मेंढा मुलाच्या जागी बळी जातो. श्रियाळ-चांगुणा आणि चिलया बाळाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही कळ नवी नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने या कथेचा निकाल आधीच लावला होता. मुलाला मारू नये हे अब्राहामाला निश्चित ठाऊक होते. ऐकू आलेला आवाज देवाचाच होता, हे तितके निश्चित नव्हते. तेव्हा त्याने नकार द्यायला हवा होता, असे कांटचे म्हणणे. किर्केगार्दला हा निकाल सोपा वाटला. पण चर्चमध्ये दर रविवारी अब्राहामाचे गोडवे गाऊन घरी जाऊन निवांत जेवणाऱ्यांचाही त्याला तितकाच राग होता. ग्रीकांच्या आगामेम्नॉनने राज्यासाठी मुलगी बळी दिली, त्याच्याबरोबर सारी प्रजा रडली. अब्राहामाजवळ असे कोणतेही लोकहिताचे कारण नाही. नीतीच्या भाषेत तो खुनाला निघालेला बाप आहे; श्रद्धेच्या भाषेत तो भक्त आहे. त्याला हे कोणाला समजावताही येत नाही. आज्ञा श्रेष्ठ असेल, पण ती पाळणाऱ्याला नीतीपासून सुटका मिळत नाही, ती वेदना सोसावीच लागते, असे किर्केगार्दचे सांगणे होते.

म्हणूनच देवाचे नाव घेणाऱ्या प्रत्येकावर त्याने विश्वास टाकला नाही. बॉर्नहोल्म बेटावरच्या आडलर नावाच्या पाद्र्याने १८४२ मध्ये आपल्याला प्रत्यक्ष येशूकडून साक्षात्कार झाल्याचे जाहीर केले. चर्चने चौकशी करून १८४५ मध्ये त्याला पदावरून दूर केले. चौकशीत आडलरची भाषा डळमळली होती. किर्केगार्दने त्याच्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही. त्याचा आक्षेप असा, की जो माणूस आपल्याला नेमके काय झाले हेही धड सांगू शकत नाही, त्याने देवाचा हवाला देऊ नये.

आणि स्वतः किर्केगार्द? ‘भय आणि कंप’ प्रसिद्ध होण्याच्या काही महिने आधी त्याने रोजनिशीत कबुली दिली आहे, की आपल्याजवळ श्रद्धा असती तर आपण रेगिनेजवळच राहिलो असतो. इसहाक परत मिळेल, हा अब्राहामाचा विश्वास होता. आपला तसा नव्हता, हे त्याने ओळखले होते. १८४७ मध्ये ‘प्रेमाची कर्मे’ या ग्रंथात तो ख्रिस्ताच्या दुसऱ्या आज्ञेकडे वळला. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची ही आज्ञा दुसऱ्याचा बळी मागत नाही; ती पाळणाऱ्याचा अहंकार तेवढा मागते.

त्याच वर्षी रेगिनेचे योहान श्लेगेल यांच्याशी लग्न झाले. मार्च १८५५ मध्ये पतीच्या नेमणुकीमुळे ती वेस्ट इंडीजला निघाली. त्या दिवशी ती मुद्दाम त्याच्या रस्त्यात आली आणि देव त्याचे भले करो, असे हळूच म्हणाली. त्याने हॅट उचलून नमस्कार केला. ती दोघांची अखेरची भेट.

सुखासीन झालेल्या राजमान्य चर्चवर टीका करण्यात त्याचे ते शेवटचे वर्ष गेले. ऑक्टोबरात तो रस्त्यात कोसळला. सरकारी पगार घेणाऱ्या पाद्र्याच्या हातून अखेरचा प्रसाद घेण्यास त्याने नकार दिला आणि ११ नोव्हेंबर १८५५ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने प्राण सोडला. उरलीसुरली मालमत्ता त्याने रेगिनेच्या नावे ठेवली होती. साखरपुडा आपल्याला लग्नाइतकाच बंधनकारक वाटत आला, असे त्याचे कारण. तिने पत्रे आणि थोड्या वस्तू तेवढ्या घेतल्या.

मोरियावर ऐन वेळी मेंढा सापडला. किर्केगार्दच्या आयुष्यात तो आला नाही. आज्ञा त्याला झाली होती, पण तिची निम्मी किंमत रेगिनेने मोजली आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. इसहाकालाही विचारले नव्हते. देवाच्या आज्ञेपुढे आपली नीती नमवायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवताना शेजारी उभा असलेला इसहाक कोण, हे आधी पाहावे. किर्केगार्दला ते फार उशिरा दिसले. रेगिने १९०४ पर्यंत जगली. पतीच्या निधनानंतरच्या उतारवयात ती त्या जुन्या साखरपुड्याविषयी लोकांशी बोलत असे.