कृतज्ञतेचा रक्तसाक्षी : संत गोन्सालो गार्सिया



आपल्या धर्मग्रामाचा हा महोत्सव म्हणजे मुख्यतः परमेश्वराच्या उपकारांचें स्मरण करण्याचा प्रसंग होय. अशा समयीं महाराष्ट्राच्याच भूमींत जन्मलेल्या एका संताचें चरित्र डोळ्यांपुढें आणणें उचित वाटतें. नागझिऱ्याच्या अरण्यापासून त्यांची जन्मभूमि वसई पुष्कळ दूर, समुद्रकांठीं आहे. तथापि श्रद्धेच्या नात्यानें ते आपले वडील बंधूच होत.

गोन्सालो यांचा जन्म सुमारें १५५६ सालीं वसई येथें झाला. त्या काळीं वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई तेथील स्थानिक होती. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं त्यांस विद्या व धर्मशिक्षण दिलें, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत त्यांच्यापैकींच एका धर्मगुरूंबरोबर ते जपानास गेले. तेथें त्यांनीं जपानी भाषा उत्तम रीतीनें आत्मसात् केली व कित्येक वर्षें धर्मशिक्षक म्हणून सेवा केली.

येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु ती सफल झाली नाहीं. मागितलेलें मिळालें असतां आभार मानणें सोपें असतें. नकार पदरीं आल्यावर पूर्वीं मिळालेलेंही विसरून जावें, हा मनुष्यस्वभाव आहे. गोन्सालो यांनीं तसें केलें नाहीं. ते व्यापारांत पडले व त्यांस बरकतही आली. परंतु त्या वैभवांत त्यांचें मन रमलें नाहीं. मनिला येथें जाऊन त्यांनीं सर्व त्याग केला आणि संत फ्रान्सिसच्या संघांत साधे बंधु म्हणून प्रवेश केला.

पुढें १५९३ सालीं फिलिपाईन्सच्या सुभेदारानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पाठविलें. दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर गोन्सालो गेले. तरुणपणीं शिकलेली भाषा आतां प्रभूच्या कार्यास लागली! जें फुकट मिळालें तें पुनः देणाऱ्याच्या चरणीं ठेवणें, हीच खरी कृतज्ञता नव्हे काय?

क्योतो नगरांत या संन्याशांनीं मंदिर उभारलें व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली. शुभवर्तमानांतील दहा कुष्ठरोगी आपणांस ठाऊक आहेत. दहाही बरे झाले. आभार मानण्यास एकटाच परत आला, आणि तोही परका शोमरोनी होता. वसईचा हा पुत्र परक्या देशांत कुष्ठरोग्यांची सेवा करीत होता, हें पाहून त्या कथेचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं.

१५९६ सालीं एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्या प्रकरणांतून हिदेयोशीचा संशय व क्रोध भडकला आणि धर्मोपदेशकांस पकडण्यांत आलें. क्योतो येथें त्यांच्या डाव्या कानांचा भाग कापला गेला. मग ऐन हिवाळ्यांत दूरच्या नागासाकीपर्यंत त्यांची धिंड निघाली. वाटेंत आणखी दोघे मिळून ते सव्वीस झाले : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा लुईस हा बालकही होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, त्यांच्यापैकीं एक बंधु मोठ्यानें देवाचे आभार मानीत होते, आणि गोन्सालो उंच स्वरानें प्रभूची प्रार्थना व नमो मरिया म्हणत होते. बालपणीं शिकलेल्या प्रार्थना अखेरच्या श्वासापर्यंत त्यांस पुरल्या. नंतर भाल्यांनीं विंधून सर्वांस मारण्यांत आलें. १६२७ सालीं त्यांस धन्य घोषित करण्यांत आलें व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतभूमींत जन्मून संतपदास पोंचलेले ते पहिलेच होत. वसईजवळ गास गांवीं त्यांच्या नांवाचें मंदिर आहे.

बंधुभगिनींनो, पवित्र मिस्साबलीस ग्रीक भाषेंत जें नांव आहे, त्याचा अर्थच उपकारस्तुति असा होतो. प्रभूनें ती उपकारस्तुति केली ती आपणास धरून देण्यांत येणार होतें त्याच रात्रीं. म्हणून ख्रिस्ती मनुष्याची कृतज्ञता धान चांगलें पिकलें त्याच वर्षापुरती असूं नये. पाऊस हुकला, घरांत आजार आला, मागणें नाकारलें गेलें, तेव्हांही ती ओंठांवर असावी. दुःखास सुख म्हणावें असा याचा अर्थ नव्हे. दुःखांतही देणाऱ्यास विसरूं नये, इतकाच आहे.

आपल्यांपैकीं कित्येकांस पहिली प्रार्थना एखाद्या आईनें वा पायीं हिंडणाऱ्या धर्मशिक्षकानें शिकविली असेल. या महोत्सवांत त्यांचें नांव घेऊन एक प्रार्थना करावी. आणि तीच प्रार्थना आपल्या घरांतील एका लेंकरास शिकवावी. घेतलेलें पुढें दिलें म्हणजे ऋण थोडें तरी फिटतें.

संत गोन्सालो, आम्हांसाठीं विनंती करा.