प्रोफेसर व्हान डेर वाल्स

चुलीवरील आधणाची वाफ होते व झांकणाला लागून तिचें पुन्हां पाणी होतें, हें आपण घरीं नित्य पाहतों. वाफ व पाणी यांना एकच नियम लागू पडतो काय, या प्रश्नाचें गणितानें उत्तर देणारे गृहस्थ एक शाळामास्तर होते, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. त्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

योहानेस डिडेरिक व्हान डेर वाल्स यांचा जन्म हॉलंडांतील लायडेन शहरीं ता. २३ नोव्हेंबर १८३७ रोजीं झाला. वडील सुतार, दहा भावंडांत हे थोरले. अशा घरच्या मुलानें विद्यापीठाची वाट धरावी, अशी त्या काळीं रीतच नव्हती. ते शिक्षक झाले, आणि फावल्या वेळांत लायडेनच्या विद्यापीठांत शिकूं लागले. परंतु लॅटिन व ग्रीक येत नसल्यामुळें परीक्षेचें दार त्यांना बंद होतें. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ग्रीक कशाला, असें आमच्या बालवाचकांस वाटेल. तेथील सरकारलाही अखेर तसेंच वाटलें, व ती अट सैल झाली. १८७३ सालीं, हेग येथें शिक्षक असतांनाच, त्यांनीं डॉक्टरच्या पदवीसाठीं आपला प्रबंध सादर केला.

वायूवरील दाब दुप्पट केल्यास त्याचें आकारमान निम्में होतें, हा बॉइलचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकतातच. पण दाब वाढवीतच गेलें, तर या नियमानें वायु जवळजवळ नाहींसाच व्हावा! तसें घडत नाहीं. थंड वायूचा तर द्रव होतो. शिवाय १८६९ सालीं अँड्र्यूज यांनीं दाखविलें होतें कीं, सुमारें ३१ अंशांवर कार्बानिक ॲसिड वायु कितीही दाबला तरी द्रव होत नाहीं. व्हान डेर वाल्स यांनीं बॉइलच्या नियमांत दोनच दुरुस्त्या केल्या : रेणु स्वतः जागा अडवितात, आणि ते एकमेकांस ओढतात. एवढ्यानें वायु, द्रव व तो विशिष्ट उष्णांश, तिन्ही एकाच समीकरणांत आलीं. पाण्याच्या एका थेंबांत रेणु इतके, कीं ती संख्या मांडण्यास एकावर एकवीस शून्यें द्यावीं लागतील. परंतु जत्रेचा अंदाज घेणारा एकेक माणूस मोजीत बसत नाहीं. समीकरणाचीं उत्तरें प्रयोगाशीं तंतोतंत जुळत नाहींत हें खरें. तथापि मॅक्सवेलसारख्या पंडितानेंही दोष दाखवून त्यांची थोरवी मान्य केली.

१८७७ सालीं ते ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठांत प्रोफेसर झाले. १८८१ सालीं त्यांची पत्नी तरुणपणींच वारली. चार मुलें मागें राहिलीं. या आघातानें सुमारें दहा वर्षें त्यांच्या लेखणींतून कांहीं बाहेर पडलें नाहीं. नंतर ते पुन्हां कामास लागले, व १८९३ सालीं द्रवाच्या पृष्ठभागाची मीमांसा त्यांनीं प्रसिद्ध केली : द्रव व वाफ यांमधील सीमा ही एकदम तुटणारी रेघ नसून तेथें घनता हळूहळू बदलत जाते.

त्यांच्याच नियमांवरून अंदाज बांधून लायडेनच्या कामरलिंग ओनेस यांनीं १९०८ सालीं हेलियम वायूचा द्रव केला. १९१० सालीं व्हान डेर वाल्स यांना नोबेल पारितोषिक मिळालें, व ता. ८ मार्च १९२३ रोजीं ते निवर्तले.

आज द्रवांचा अभ्यास संगणकावर होतो. पण सर्व रेणूंचा हिशेब संगणकालाही झेपत नाहीं; म्हणून पुष्कळ रेणूंचा मिळून एक गोळा कल्पितात, आणि अशा गोळ्यांची हालचाल पाहतात. थेंब कसा तुटतो, दोन थेंब कसे मिळतात, हें त्यांतून दिसतें. त्या गोळ्यांमधील दाब काढण्यास कित्येकदां हेंच जुनें समीकरण घेतात.