शोध कोणाचा?

खानदेशात किंवा वऱ्हाडात दिवाळीनंतर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. या गाड्या जिनिंग कारखान्याकडे जातात. तेथे कापसातून सरकी वेगळी काढतात आणि स्वच्छ रुई उरते. 'जिनिंग' हा शब्द 'जिन'वरून आला. हा जिन गोष्टीतला नव्हे! 'इंजिन' या शब्दाचे ते आखूड रूप आहे. अशा यंत्राचा एक प्रकार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका तरुणाने तयार केला. त्याचे नाव एली व्हिटनी. यंत्र बनवायला त्याला काही महिने पुरले; पण त्यावरचा आपला हक्क टिकवण्यासाठी त्याला अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

एलीचा जन्म ८ डिसेंबर १७६५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तो लहान असतानाच त्याची आई वारली. वडिलांची अवजारे हाताळत तो मोठा झाला. त्या काळी अमेरिकेचे इंग्लंडशी स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. बाहेरून माल येत नसल्यामुळे खिळ्यांची टंचाई होती. हे ओळखून एलीने लहान वयातच घरी खिळे बनवण्याचा धंदा सुरू केला. पुढे शाळेत शिकवून त्याने पैसे साठवले आणि येल येथील महाविद्यालयात प्रवेश घेतला. १७९२ मध्ये तो पदवीधर झाला.

शिक्षकाची नोकरी करण्यासाठी तो दक्षिणेकडे गेला आणि जॉर्जियात कॅथरीन ग्रीन या बाईंच्या शेतमळ्यावर उतरला. तेथील शेतकऱ्यांची अडचण त्याच्या कानावर आली. त्या भागातील आखूड धाग्याच्या कापसाला सरकी घट्ट चिकटलेली असे. दिवसभर राबून एका माणसाकडून जेमतेम एक पौंड रुई निघे. व्हिटनी विचार करू लागला. १७९३ मध्ये त्याने लाकडी रूळ घेतला व त्यावर तारेचे दात बसवले. हे दात अरुंद फटींतून रुई ओढून घेत. सरकी मोठी असल्याने फटीबाहेरच राही. दुसऱ्या बाजूने फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून टाकी. या यंत्राने एक माणूस दिवसात पन्नास पौंड रुई काढू लागला.

१४ मार्च १७९४ रोजी व्हिटनीला या यंत्राचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे सरकारने शोध लावणाऱ्याला दिलेला हक्क. ठरावीक मुदतीपर्यंत त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू कोणी बनवू किंवा विकू शकत नाही. तेव्हा ही मुदत १४ वर्षांची होती.

येथे व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनीअस मिलर यांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी यंत्रे विकली नाहीत. शेतकऱ्यांनी कापूस आणावा, आम्ही सरकी काढून देऊ, आणि मोबदल्यात पाच भागांतील दोन भाग कापूस घेऊ, अशी अट त्यांनी घातली. शेतकऱ्यांना ही अट जाचक वाटली. यंत्र तर इतके सोपे होते की गावचा सुतार-लोहारही ते पाहून बनवू शकत होता. पाहता पाहता जागोजागी नकला तयार झाल्या. त्यातच १७९५ मध्ये व्हिटनीचा कारखाना आगीत जळाला. मागणी असूनही त्याला पुरेशी यंत्रे देता येईनात.

त्याने नक्कल करणाऱ्यांवर दावे लावले. पण कायद्याच्या शब्दरचनेत फट होती. तिचा फायदा घेऊन प्रतिपक्ष सुटला आणि १७९७ मध्ये व्हिटनी हरला. १८०० मध्ये कायदा सुधारण्यात आला. पुढे दक्षिण कॅरोलिना राज्याने ५०,००० डॉलर देऊन आपल्या शेतकऱ्यांसाठी हक्क विकत घेण्याचे ठरवले. १८०७ मध्ये जॉर्जियातील न्यायालयाने व्हिटनीच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर पेटंटची मुदत संपत आली होती आणि मिळालेला बराच पैसा दाव्यांतच खर्च झाला होता. १८१२ मध्ये त्याने मुदत वाढवून मागितली. ती नाकारण्यात आली.

व्हिटनी खचला नाही. १७९८ मध्येच त्याने सरकारला १०,००० बंदुका पुरवण्याचा करार केला होता. उशीर झाला, तरी १८०९ पर्यंत त्याने तो पुरा केला आणि या धंद्यात त्याला स्थैर्य लाभले. ८ जानेवारी १८२५ रोजी त्याचे निधन झाले.

या कथेची एक दुःखद बाजूही आहे. यंत्रामुळे कापसाची लागवड प्रचंड वाढली. पण शेतात राबत होते ते गुलाम. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, ते १८६० मध्ये सुमारे चाळीस लाख झाले. व्हिटनीच्या हक्कासाठी निदान न्यायालय होते. या माणसांना तर स्वतःच्या श्रमावरही हक्क नव्हता.

मित्रांनो, आज आपल्या देशात पेटंटची मुदत २० वर्षांची आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी मागात, पंपात किंवा नांगरात नवी सुधारणा केली, तर ती चारचौघांना दाखवण्यापूर्वी तिच्या पेटंटसाठी अर्ज करा. मात्र मोबदला असा मागा, की घेणाऱ्यालाही तो परवडेल. दुसऱ्याच्या अक्कलहुशारीची चोरी ही चोरीच आहे. पण आपला हक्क सांगताना समोरच्याची अडचणही ध्यानात घ्यावी लागते, हे व्हिटनीच्या जीवनावरून शिकावे.