चित्रांचा मालक : विल आइसनर

मुलांनो, चित्रकथा तुम्ही आवडीने वाचता. पण ती चित्रे कोणी काढली, त्याला काय मोबदला मिळाला आणि ती कथा कोणाच्या मालकीची झाली, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? अमेरिकेतील एका चित्रकाराने हा विचार तरुणपणीच केला. त्यांचे नाव विल आइसनर.

विल यांचा जन्म ६ मार्च १९१७ रोजी न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिन या भागात एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. वडील नाटकांचे पडदे रंगवीत. पण त्यावर घर चालत नसे. म्हणून विल लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकत. त्यांतील चित्रमालिका पाहून त्यांना चित्रकलेची गोडी लागली.

त्या काळी अमेरिकेत चित्रकथांची पुस्तके नुकतीच निघू लागली होती. देशात मोठी मंदी होती. प्रकाशकांजवळ पैसा होता, पण चित्रकार नव्हते. चित्रकारांजवळ कला होती, पण काम नव्हते. १९३६ च्या सुमारास आइसनर यांनी जेरी आयगर यांच्याबरोबर एक चित्रशाळा काढली. आयगर प्रकाशकांना भेटून काम मिळवीत. आइसनर कथा रचून चित्रे काढीत. चित्रशाळेत पुष्कळ चित्रकार आहेत असे वाटावे, म्हणून ते एकटेच अनेक टोपणनावांनी काम करीत! पुढे त्यांनी जॅक कर्बी, बॉब केन यांसारख्या तरुणांना काम दिले. एकाने पेन्सिलीने चित्र काढायचे, दुसऱ्याने त्यावर शाई फिरवायची, तिसऱ्याने अक्षरे लिहायची. अशी तयार पाने प्रकाशकांना विकली जात.

अशा मध्यस्थांमुळे अनेक तरुणांच्या पोटापाण्याची सोय झाली. पण चित्रकाराला फक्त मजुरी मिळे. त्याने निर्माण केलेल्या पात्रावर त्याचा हक्क राहत नसे. जेरी सीगल व जो शुस्टर या दोन मित्रांनी १९३८ साली 'सुपरमॅन'चे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरला विकले. कंपनी श्रीमंत झाली आणि ते दोघे मात्र वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले.

आइसनर स्वतः मध्यस्थ होते. त्यामुळे हा व्यवहार त्यांना चांगला ठाऊक होता. १९३९ साली एव्हरेट अर्नोल्ड या प्रकाशकाने त्यांना वर्तमानपत्रांसाठी रविवारची चित्रपुरवणी काढण्यास सांगितले. काम मोठे होते, पण आइसनर यांनी एक अट घातली : पात्राचा मालक मीच राहीन. छापील पानावर प्रकाशकाचे नाव असले, तरी खरी मालकी आपली, असे त्यांनी करारात लिहून घेतले. मग चांगली चालणारी चित्रशाळा सोडून ते या नव्या कामाला लागले.

२ जून १९४० रोजी 'द स्पिरिट' ही पुरवणी सुरू झाली. मुखवटा घालून गुन्हेगारांना पकडणारा हा नायक लाखो घरांत पोहोचला. १९५२ साली ती बंद झाली. पुढे त्या कथा पुन्हा छापल्या गेल्या, तेव्हाही मालक आइसनरच होते.

१९७८ साली त्यांनी गरीब वस्तीतील माणसांच्या जीवनावर 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' हे चित्रमय पुस्तक लिहिले. चित्रकथा केवळ मुलांसाठी नसते, हे त्यांनी दाखवून दिले. ३ जानेवारी २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चित्रकथांसाठी त्यांच्या नावाने १९८८ पासून पुरस्कार दिले जातात.

मुलांनो, तुम्हीही उद्या एखादी कला शिकाल, कष्ट कराल. कष्टाचा मोबदला जरूर घ्या. पण कागदावर सही करण्यापूर्वी त्यावर काय लिहिले आहे, ते नीट वाचा.