जे. पी. नाईक आणि शाळेतील समाजसेवा

राजा घाट अमृतराव पेशव्यांनी दगडात बांधून काढला, हे आपण काशीकर मराठी मंडळी मुलांना कौतुकाने सांगतो. पण गंगेचा पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर साचलेला गाळ काढायला त्याच मुलांना पाठवा म्हटले, की नेमकी चाचणी परीक्षा आडवी येते! शाळेतून समाजसेवेच्या तासांचा कागद आला तर तोही पालकच भरून, सही करून देतात. (आमच्या घरीही हे घडले आहे, उगाच कशाला लपवा?) अशा वेळी कै. जे. पी. नाईक यांची आठवण होते. समाजसेवा प्रत्येक विद्यार्थ्याला बंधनकारक असावी, असे सांगणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ चा, म्हणजे आपण ज्या तारखेला शिक्षकदिन साजरा करतो त्याच तारखेचा. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात बहिरेवाडी हे त्यांचे गाव. मूळ नाव विठ्ठल हरि घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी पुढे घेतले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला. बळ्ळारीच्या तुरुंगात आजारी कैद्यांची शुश्रूषा करता करता ते औषधोपचार शिकले. सुटल्यावर नोकरी न शोधता ते धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहिले आणि तेथे शिक्षणाचे व ग्रामसुधारणेचे काम करू लागले. आयोगाच्या अहवालातील सेवेची कल्पना समजून घ्यायची तर नाईकांचे हे खेड्यातले दिवस विसरून चालणार नाही, असे आम्हास वाटते.

१९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. ती १९७६ साली पुण्यास गेली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग १९६४ साली नेमला गेला. त्यापूर्वी १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने माध्यमिक शिक्षण संपलेल्या तरुणांनी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी, असे सुचविले होते. आयोगाने वेगळा मार्ग धरला. सेवेसाठी सलग वर्ष काढण्याऐवजी ती शिकता शिकताच व्हावी. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी शाळा व आजूबाजूची वस्ती यांत काम करावे. कनिष्ठ माध्यमिक वर्गांत एकूण तीस दिवस, वर्षाला दहा, म्हणजे आपल्या गणपतीइतकेच! उच्च माध्यमिकला वीस आणि पदवीपर्यंत साठ दिवस. शिकलेला माणूस आपल्याच माणसांपासून तुटत चालला आहे, ही त्यामागची चिंता. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत श्रम व सेवा शिबिरे भरवावीत, असेही अहवालात होते.

१९६६ साली अहवाल सादर झाला. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, पण ती महाविद्यालयांपुरती. शाळांसाठी १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हा विषय सुचविला. तो पुष्कळ शाळांत मेणबत्त्या व कागदी फुले यांवर भागला. विषय राहिला, गुणही राहिले. समाज मात्र वर्गाबाहेरच उभा राहिला. २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस दिले आहेत, तेही मुख्यतः कारागिरांकडे काम शिकण्यासाठी.

नाईकांना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची घडी त्यांनीच बसविली. ३० ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले. आयोगाच्या कोणत्या शिफारशी मान्य झाल्या आणि कोणत्या बाजूला पडल्या, याचा हिशेब त्यांनी स्वतःच एका इंग्रजी पुस्तकात मांडून ठेवला होता. ते पुस्तक १९८२ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.