सयाजीराव महाराजांचा मुजरा

मागील वर्षी आमच्या मंडळाची सहल मुंबईस गेली होती. सकाळी टेंभी नाक्यावर जमून निघालेल्या आम्ही सर्वजणी दुपारी गेटवेपाशी पोहोचलो. एका भगिनीची नात बरोबर होती. ही कमान कशासाठी बांधली, असे तिने मला विचारले. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये या बंदरावर उतरले, त्याची ही आठवण, असे मी सांगितले. कमान पुरी झाली मात्र १९२४ साली. पाहुणे जाऊन तेरा वर्षे लोटल्यावर! मला त्या वेळी आठवण झाली ती राजाची नव्हे, तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची.

महाराज आपल्याच मुलखातले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच, पण शेतीवर जगणारे. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनी मे महिन्यात या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. त्यास धड अक्षरओळखही नव्हती. नोव्हेंबरात व्हिक्टोरिया राणीचे युवराज हिंदुस्थानात आले. सहा महिन्यांपूर्वी गावात हुंदडणारे हे पोर जडजवाहीर लेवून युवराजांच्या भेटीस उभे राहिले. त्या लेकराला काय वाटले असेल, हा विचार माझ्यातल्या आईला अजून सोडत नाही.

पुढे छत्तीस वर्षांनी दिल्लीचा दरबार भरला. राज्यावर असलेला इंग्लंडचा राजा हिंदुस्थानात येण्याची ती पहिलीच वेळ. एकेका संस्थानिकाने पुढे जाऊन लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा रिवाज ठरला होता. महाराजांनी एकदाच लवून मुजरा केला आणि पाठ फिरवून ते चालू लागले. विलायतेत केवढा गहजब झाला! माझे आजोबा ही गोष्ट रंगवून सांगत आणि आम्हा मुलांची छाती फुगे.

पुढे लग्न होऊन ठाण्यास आल्यावर मराठी ग्रंथसंग्रहालयातून महाराजांचे चरित्र आणून वाचले. त्यात गोष्टीचा उरलेला भाग सापडला. महाराजांनी व्हाइसरॉयना पत्र लिहून, गोंधळ झाला, अनादराचा हेतू नव्हता, असे कळवले होते. खरे सांगते, मला फार वाईट वाटले. आजोबांचा वीर असा कसा नमला? ते वागणे हेतुपुरस्सर होते की गोंधळातले, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता मात्र मला त्या पत्राचा राग येत नाही. गादी गेली की काय होते, हे मल्हाररावांच्या उदाहरणावरून महाराजांना पुरते ठाऊक होते. आणि गादीवर राहून त्यांनी केले काय? १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सबंध संस्थानात नेले. मुलींना त्यातून वगळले नाही, हे विशेष. इंग्रजी मुलखात तेव्हा असे काही नव्हते. बालविवाहास आळा घालणारा कायदा केला, गावोगावी वाचनालये काढली. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महाराणी चिमणाबाईसाहेबांनी पडदा सोडला आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. आपल्यासारख्या मंडळांची ही थोरली जाऊच म्हणायची!

१९२१ साली आणखी एक युवराज आले. मुंबईत बहिष्कार आणि दंगली झाल्या. बडोद्यात मात्र त्यांचे स्वागत संस्थानी थाटात झाले. इथे महाराज मला थोडे परके वाटतात, हेही लिहून ठेवते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले.

परतीच्या गाडीत ही हकीकत त्या मुलीला सांगितली. पाठ न दाखवता कसे चालायचे, हे तिला पाहायचे होते. ठाणे स्टेशनवर उतरल्यावर मी चार पावले मागे सरून दाखवली, तो मागच्या हमालाच्या पाटीवरच आदळले!