फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१२ मे १८२०, फ्लॉरेन्स, इटली – १३ ऑगस्ट १९१०, लंडन) या ब्रिटिश परिचारिका, समाजसुधारक व संख्याशास्त्रज्ञ होत्या. हाती दिवा घेतलेली शुश्रूषा करणारी स्त्री ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. मृत्यूंच्या आकडेवारीच्या बळावर त्यांनी शासनाचे धोरण बदलवले, हे कार्य मात्र त्या मानाने उपेक्षित राहिले.

क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ स्त्रियांच्या पथकासह त्या तुर्कस्तानातील स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. त्या हिवाळ्यात तेथील मृत्यूंचे प्रमाण भयावह वाढले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ करवली आणि हे प्रमाण झपाट्याने उतरले. १८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी नोंदी तपासल्या. बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. आपण स्वतः काम केलेल्या रुग्णालयाविषयीचा हा कटू निष्कर्ष त्यांनी दडवला नाही.

== आकृत्या व लष्करी सुधारणा ==
संख्याशास्त्र कोरडेच असावे, असे फार यांचे मत होते. मंत्री आणि राजघराण्यातील व्यक्ती लांबलचक तक्ते वाचणार नाहीत, हे नाइटिंगेल ओळखून होत्या. म्हणून त्यांनी वर्तुळाकार आकृती योजली. तिच्यात प्रत्येक महिन्याला एक पाकळी असे व पाकळीतील रंगांचे क्षेत्रफळ मृत्युदराच्या प्रमाणात असे. टाळता येण्याजोगे रोग निळ्या, जखमा तांबड्या व इतर कारणे काळ्या रंगात दाखवलेली होती. निळ्या रंगाचा विस्तार पाहताच मुद्दा ध्यानी येई. गणिताची गरज उरत नसे.

१८५७ मध्ये सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय आयोग नेमला गेला. स्त्री असल्याने त्यांना आयोगावर स्थान नव्हते. त्यांनी आपली साक्ष लेखी दिली. शांततेच्या काळातही तरुण सैनिकांचा मृत्युदर समवयस्क नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट होता, हे आयोगापुढे मांडले गेले. पुढे बराकींची हवा व सांडपाणी यांची व्यवस्था सुधारली, लष्करी वैद्यकीय विद्यालय आणि लष्कराचा संख्याशास्त्र विभाग स्थापन झाला. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री सदस्य होत.

== भारताशी संबंध ==
त्या भारतात कधीही आल्या नाहीत. तरीही १८५९ मध्ये भारतातील सैन्याच्या आरोग्यासाठी नेमलेल्या आयोगाकरिता त्यांनी येथील लष्करी ठाण्यांकडून प्रश्नावलीद्वारे माहिती मिळवली. १८६३ च्या अहवालात ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दर हजारी ६९ दिला आहे. अहवालाच्या संक्षिप्त आवृत्तीतून त्यांचे सचित्र निरीक्षण वगळण्यात आले, तेव्हा त्यांनी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. पुढे त्यांचे लक्ष सैनिकांकडून ग्रामीण रयतेच्या आरोग्याकडे वळले. मुंबईतील समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या, दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे.